शिवणीच्या लाकडाची बंदूक

टेबलावर ओळीने मांडलेल्या बंदुका आणि त्यांच्या मागे तोंडाला काळं फडकं बांधून उभा केलेला एक पोरगा. असा फोटो वर्तमानपत्रात येतो तेव्हा तुम्ही आधी कोणाकडे पाहता? बंदुकांकडे की पोराकडे?

माझा अंदाज असा, की तुम्ही मथळा वाचता आणि पान उलटता. मीही तेच करत आलो होतो. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाने मात्र असा एक फोटो भिंग लावून पाहिला, सकाळभर पाहिला. त्यानंतरची दोन वर्षं त्याला त्या फोटोने सुखाने जगू दिलं नाही. त्या माणसाविषयी मला लिहायचं आहे.

चंद्रपूरच्या घुटकाळा मोहल्ल्यात माझी स्क्रीन प्रिंटिंगची खोली होती. मी तिथे पत्रकं छापायचो. मध्ये एक पत्र्याची भिंत, आणि पलीकडे गफूरमिस्त्री. सकाळी माझं कुलूप उघडल्याचा आवाज आला, की पत्र्यावर पटाशीच्या मुठीने दोनदा ठोकायचे.

"काय पत्रकवाले, आज कोनाचा मुर्दाबाद हाये?"

"आज जिंदाबाद आहे, चाचा."

"अरे बाप्पा! मंग शाई कमी लागन."

त्यांना कोणी सुतार म्हटलेलं चालायचं नाही. "सुतार खाट बनवते. मी साचा बनवतो." लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लाकडी साचे बनवले होते. पंपाचा पंखा असो की खाणीतल्या गाडीचं चाक, ओतायची वस्तू आधी लाकडात हुबेहूब घडवायची, मग तिचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी मिस्त्रींकडे एक वेगळी पितळी पट्टी होती. तिच्यावरचा इंच तुमच्या-आमच्या इंचापेक्षा केसभर मोठा. कारखाना बंद झाला, तरी त्यांच्या हातातून ती पट्टी सुटली नाही. माझ्या आईला त्यांनी पोळपाट करून दिला, तोही त्याच पट्टीने. आई म्हणायची, "मिस्त्रीचा पोळपाट आकसन आकसन म्हनून मी वाट पाहून राह्यली."

त्यांचा दुसरा हट्ट चित्राचा. कारखान्यात म्हणे एका नव्या इंजिनीअरने नकाशात एक भोक चुकीच्या बाजूला दाखवलं होतं. मिस्त्रींना ते पहिल्या नजरेत कळलं. त्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "जास्त शहाणपणा नको, नकाशाप्रमाणे करा." मिस्त्रींनी नकाशाप्रमाणे केलं. माल वाया गेल्यावर साहेब धावत आले, तेव्हा मिस्त्रींनी मुकाट नकाशा पुढे धरला. ही गोष्ट ते फुशारकीने सांगत नसत. "चित्र चुकलं त चित्रवाल्याले सांगाचं," ते म्हणत. "मिस्त्रीनं आपल्या मनानं सुधरवलं, त उद्या मिस्त्रीवर भरोसा कोन ठेवन?"

कारखाना गेल्यावर ते झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांना सामान करून देऊ लागले. धान कापून झालं, की आमच्या भागात गावोगाव नाटकं उभी राहतात. त्यांना तलवारी लागतात, मुकुट लागतात, पिस्तुलं लागतात. मिस्त्रींची तलवार पहिल्या रांगेतल्या माणसालाही खरी वाटायची. रझियाचाची, त्यांची बायको, म्हणायच्या, "लोकं कब्रस्तानाची सोय पाहतात अन् हे बुढे मुकुट रंगवतात."

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटरवर खेळ खेळायचं एक दुकान निघालं होतं. तिथे बसणारी कॉलेजची तीन पोरं एक दिवस मिस्त्रींकडे आली. त्यांच्या कॉलेजात गॅदरिंग होतं. त्यांना खेळातली एक लांब नळीची बंदूक हवी होती. तशीच्या तशी.

"चित्र कुठी हाये?" मिस्त्रींनी विचारलं.

"चाचा, चित्र नाई. पडद्यावर हाये."

मग मिस्त्री पडद्याकडे गेले. मी गंमत पाहायला मागोमाग गेलो. तसलं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. नाकावर चष्मा, हातात पातळ तेलकट कागद आणि शिसपेन्सिल घेऊन मिस्त्री चौदा इंची पडद्याला चिकटून बसलेले. कागद काचेवर धरला, की काचेतल्या विजेने त्यांच्या हातावरचे केस ताठ उभे राहायचे. खेळणारा पोरगा जागेवर थांबला, की कोणीतरी येऊन त्याला मारायचं आणि बंदूक पडद्यावरून नाहीशी व्हायची.

"चाचा, मेलो ना!"

"मर, पन हालू नको."

"मेल्यावर बंदूक दिसत नाई, चाचा!"

"मंग जित्ता हो अन् गोळी भर. भरतानी तिची कूस दिसते."

ती बंदूक नेहमी खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून, मागच्या बाजूने दिसायची. गोळी भरताना तेवढी ती क्षणभर आडवी व्हायची आणि तिची डावी बाजू दिसायची. गोळी आत सारण्यासाठी मागेपुढे ओढायची दांडी त्याच बाजूला होती. मिस्त्रींनी त्या पोराकडून किती वेळा गोळी भरून घेतली असेल, याची गणती नाही. पाच दिवस जाऊन त्यांनी सतरा कागद आणले. ते जमिनीवर पसरले, जोडले आणि पितळी पट्टी काढली.

अंगाला शिवणीचं लाकूड घेतलं, कारण शिवण वाकत नाही. दस्त्याला जुन्या दाराचं सागवान. नळीही लाकडाचीच, खरादावर कातलेली. दांडी खैराची. अख्ख्या बंदुकीत लोखंडाचा खिळा नाही, सगळ्या बांबूच्या पाचरी आणि सरस. वरून काजळी आणि लाखेचा हात, त्यावर शिशाची पूड चिंधीने घासत राहायची. घासायला लागल्यापासून सहाव्या दिवशी ते लाकूड लोखंड झालं. रझियाचाचींनी त्यावर ओढणी टाकली. "झाकून ठेवा जी. पाहूनच बुखार येते."

गॅदरिंगमध्ये बंदुकीला टाळ्या मिळाल्या. पण कॉलेजात एनसीसी शिकवणारे एक निवृत्त हवालदार नाटकानंतर आत आले. त्यांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि हसायला लागले.

"मिस्त्री, काम फर्स्टक्लास. पण दांडी उजवीकडं असते हो. उजव्या हातानं ओढायची ना! ही बंदूक आरशातली आहे."

पोरं म्हणाली, "खेळात अशीच हाये, सर." ते खरंच होतं. खेळणाऱ्याला दिसावी म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी दांडी डावीकडे घेतली होती. पण मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी उभ्या जन्मात खरी रायफल जवळून पाहिली नव्हती. कुठून पाहणार? त्या रात्रीच नव्हे, महिनाभर त्यांना ते खुपत राहिलं. पत्र्यापलीकडून मध्येच आवाज यायचा, "पत्रकवाले, चित्रवाल्यानं फसवलं ना मले." मी म्हटलं, दांडी काढून दुसरीकडे लावा. ते म्हणाले, "पोरांनी जे मागतलं ते देल्लं. आता हात लावनं म्हंजे लबाडी."

पोरांचं काम झालं होतं. बंदूक मिस्त्रींकडेच परत आली. पुढच्या हिवाळ्यात गडचिरोलीच्या बाजूला निघालेल्या एका नाटक कंपनीने ती सामानाच्या पेटीत नेली. एका नाक्यावर गाडी थांबवली गेली, पेटी उघडली गेली. "तपासून परत देतो," असं म्हणून बंदूक काढून घेतली गेली. पावती दिली नाही. मॅनेजर परत येऊन म्हणाला, "चाचा, तुमची बंदूक गेली. दुसरी बनवा, या वेळी तलवारच बनवा." मिस्त्री म्हणाले, "गेली त गेली. चुकीचीच होती."

आणि दोनेक महिन्यांनी तो फोटो आला.

सकाळी पत्र्यावर ठोकणं झालं नाही. मिस्त्री स्वतः माझ्या दारात उभे होते, हातात वर्तमानपत्र आणि भिंग. टेबलावर पाच बंदुका होत्या, सगळ्यांची तोंडं डावीकडे. बंदूक अशी निजवली, की उजवीकडची दांडी खाली जाते, दिसत नाही. चार बंदुकांचं तसंच होतं. पाचवीची दांडी वर आलेली होती, स्पष्ट.

"हे माझी हाये," ते म्हणाले. "दुनियेत अशी दुसरी नाई."

मागे चैतू उभा होता. त्याचं नाव बातमीत होतं. एकोणीस वर्षांचा, गडचिरोलीतल्या एका जंगलातल्या गावचा गोंड पोरगा. घरच्यांचं म्हणणं, तो आठवडी बाजारातून मीठ-मिरची घेऊन परतत होता. बातमीचं म्हणणं, तो ही पाचवी बंदूक खांद्याला लावून झाडीत लपला होता. लाकडाची बंदूक! जिच्यातून मुंगीदेखील मरणार नाही. नाक्यावर ती काढून घेणाऱ्या पोलीस चौकीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण चैतूच्या वकिलांनी माझा हात धरला आहे. तो का धरला, तेही सांगतो.

हे वकील गडचिरोलीचे. शांत, मोजकं बोलणारे. मिस्त्री त्यांच्यासमोर बसले आणि पितळी पट्टी टेबलावर ठेवून बोलले. "साहेब, ते बंदूक कोर्टात आना. तुमच्या पट्टीनं मापा, माप येडंवाकडं येईन. माझ्या पट्टीनं मापा, इंच न् इंच सरळ येईन. सरकारनं असा इंच कुठून आनला ते विचारा." वकील हातातलं पेन खाली ठेवून पाहतच राहिले. त्यांनी सांगितलं, की बंदूक कोर्टापुढे मांडायला लावू, मग तुमची साक्ष घेऊ. तोपर्यंत बाहेर एक शब्द नको.

परतीच्या बसमध्ये मिस्त्रींनी पट्टी सदऱ्याच्या खिशात घातली. मग म्हणाले, "पत्रकवाले, थांबाचं. ओल्या लाकडाले रंधा मारला, त ते वाकते."

मी थांबलो नाही. मी पत्रकांवरच वाढलेला माणूस. आमच्या घरी बाप गावोगाव पत्रकं वाटत फिरला, आणि अन्याय दिसला की छापायचा, यापलीकडे मला काही शिकवलं गेलं नव्हतं. मला वाटलं, लोकांना कळलं, तर सरकार वाकेल. मी पत्रक छापलं. त्यात डावीकडची दांडी लिहिली, शिवणीचं लाकूड लिहिलं, पितळी पट्टी लिहिली. गडचिरोलीच्या बसस्टँडवर उभं राहून स्वतः वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं, काहींनी त्यात भजी बांधली.

पुढच्या तारखेला सरकारी बाजूने सांगण्यात आलं, की बंदूक तपासणीसाठी पाठवली होती आणि सध्या सापडत नाही. शोध चालू आहे. कोर्टात उरला फोटो. सरकारी वकील म्हणाले, फोटो उलटा छापला गेला असेल. पाचवीच तेवढी उलटी कशी, हे आमच्या वकिलांनी विचारलं. त्यावर पुढची तारीख पडली.

वकिलांनी बाहेर येऊन चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "काय लपवायचं ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही छापून दिलंत."

सकाळी कोणाचा मुर्दाबाद आहे, हे विचारणं मिस्त्रींनी बंद केलं. पत्र्यापलीकडून रंध्याचा आवाज यायचा, तोही पुढे कमी झाला.

पुढच्या हंगामात त्याच नाक्यावरून जायचं आहे, म्हणून नाटक कंपनीच्या मॅनेजरने हात वर केले होते, आणि पत्रक छापणाऱ्या माझी साक्ष वकिलांना नको होती. आता उरली होती ती तीन पोरं. बंदूक कोणी मागवली, कशावरून बनवली, गॅदरिंगमध्ये कोणी हातात धरली, हे सांगू शकणारी. हवालदार तोवर वारले होते. खेळाचं दुकान बंद झालं होतं. सतरा तेलकट कागद रझियाचाचींनी फोटोच्या दुसऱ्याच दिवशी चुलीत घातले होते. त्या बाईला मी दोष देत नाही. गफूर नावाच्या माणसाच्या घरात बंदुकीची सतरा चित्रं सापडणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मिस्त्री तिन्ही घरी गेले. पहिल्या घरी आईने दारातूनच सांगितलं, की पोरगा पुण्याला आहे आणि त्याचा नंबर बदलला आहे. दुसऱ्या घरी पोराच्या बापाने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "चाचा, पोराची भरती निघाली हाये. पोलीस व्हेरिफिकेशन हाये. तुमी त समजदार." तिसरा पोरगा स्वतः भेटला. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरात, मोटारसायकल पुसत होता. खेळात गोळी भरता भरता मरणारा तोच.

"चाचा, मले सगळं आठवते. पन माझं नाव नोका टाकू."

"नावाबिगर साक्ष होत नाई, बेटा."

"मंग मले आठवत नाई."

मिस्त्रींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत आले. मला याचा फार राग आला. मी त्या पोराच्या दारात जाऊन ओरडायला निघालो होतो. मिस्त्रींनी दंड धरला. "अजून एक पत्रक?" एवढंच म्हणाले. तो त्यांनी मला दिलेला एकमेव टोमणा.

त्यानंतर ते प्रत्येक तारखेला गडचिरोलीला जायचे. सकाळची पहिली बस, पांढरा सदरा, खिशात पट्टी. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला बसायचे. साक्षीला नाव पुकारलं जाईल म्हणून पाणीसुद्धा पिऊन यायला उठायचे नाहीत. कधी न्यायाधीश रजेवर, कधी चैतूला आणायला गाडी नाही, कधी कागद नाही. आयुष्यभर लाकडाची धूळ ओढलेली छाती, खोकला आला की तोंडाला रुमाल लावून वाकायचे. शिपाई त्यांना ओळखायला लागला होता. "आले का बंदूकवाले?" तो हसून विचारायचा. मिस्त्री त्यालाही सलाम करायचे.

मी त्यांच्यासोबत गेलो ती शेवटची तारीख मार्चमधली होती. त्या दिवशी चैतूला आणलं होतं. दोन वर्षांत तो वाळून काटकी झाला होता. त्याला मराठी थोडी यायची, तुरुंगात आणखी थोडी आली होती. पुकारा झाला, पाच मिनिटांत पुन्हा तारीख पडली, मिस्त्रींचं नाव आलंच नाही. पोलीस त्याला दोरीने धरून व्हरांड्यातून नेत होते. आमच्यासमोर येताच मिस्त्री उठले. इतक्या महिन्यांत त्यांना त्याच्याशी बोलायला कधी मिळालं नव्हतं.

"बेटा," ते म्हणाले, "ते बंदूक माझी हाये. मी बनवली. मी सांगतो जजसाहेबाले."

चैतू थांबला. दोरी धरणारा पोलीसही थांबला, त्याला घाई नव्हती. चैतूने मिस्त्रींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पांढरा सदरा, दाढी, खिशातली पट्टी. मग अगदी साध्या आवाजात, रागाने नव्हे, कळत नाही म्हणून विचारावं तसं त्याने विचारलं.

"बंदूक तुयी हाये, त मी काऊन आत हावो?"

पोलिसाने दोरीला हिसका दिला आणि ते लोक गाडीकडे गेले. मिस्त्री तसेच उभे राहिले, एक हात पुढे केलेला. गाडी फाटकाबाहेर गेली, धूळ बसली, व्हरांड्यातली माणसं पांगली. मी म्हटलं, "चाचा, बस निघून जाईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला वाटत नाही की त्यांना मी दिसलो. मग ते पुन्हा बाकावर जाऊन बसले, त्याच टोकाला, जणू त्यांचं नाव अजून पुकारलं जायचं होतं. मी त्यांना तसंच ठेवून बस थांबवायला फाटकाकडे धावलो. मागे वळून पाहिलं तेव्हा शिपाई दारं लावून घेत होता आणि त्यांना उठवत होता.

पुढची तारीख त्यांनी पाहिली नाही, त्याआधीच ते वारले. त्यांची साक्ष झाली नाही, म्हणजे कायद्याच्या हिशेबी ते कधी बोललेच नाहीत. चैतू अजून आत आहे.

म्हणून हे पत्रक नाही, आणि यात मी घोषणा दिलेली नाही. हे मी गॅदरिंगच्या त्या तीन पोरांसाठी लिहिलं आहे. ज्याला हे वाचताना त्यांच्यापैकी कोणी ओळखीचा वाटेल, त्याने हा मजकूर त्याच्या हातात नेऊन द्यावा, दारातून परत येऊ नये. आणि तुम्ही तिघांनो, तुमची नावं मी लिहिलेली नाहीत. मला माहीत आहेत, तरी लिहिली नाहीत. एकदा मी न विचारता छापलं, त्याची किंमत दुसऱ्याने भरली. ती नावं आता फक्त तुम्हीच सांगू शकता. चैतूच्या वकिलांचा पत्ता गडचिरोलीच्या कोर्टात कोणीही सांगेल. तिघं मिळून या, नाहीतर एकटे या. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहा आणि आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगा.